शैक्षणिक कर्जाला नोकरी लागेपर्यंत व्याज नसतं? असतं, बाबांनो

आपल्या सिडकोतल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की एमबीएला बिनधास्त कर्ज काढा, नोकरी लागेपर्यंत व्याज लागत नाही. हे चुकीचंय. हप्ता थांबतो, म्हणजे कोर्स आणि पुढे साधारण एक वर्ष, पण व्याज पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून चालू.

माझ्या भाचीचं सॅन्क्शन लेटर परवा ओट्यावर पसरून पेन्सिलीने हिशोब केला. समजा दोन वर्षांची फी 20 लाख, दर वर्षी 10 लाख असे सुटणार, व्याज 10 टक्के सरळव्याजाने, तर हप्ता सुरू होईपर्यंत 5 लाख व्याज झालेलं असतं आणि ते मुद्दलात मिळवतात. 25 लाखांवर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला 33 हजार! ताईचा चेहराच उतरला.

सवलत आहे, पण सगळ्यांना नाही. केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता थांबलेल्या काळात व्याजदरात 3 टक्के सूट, तीही यादीतल्या भारतातल्या कॉलेजांनाच, परदेशाला नाही. आणि आयकराच्या कलम 80ई ची करसवलत फक्त भरलेल्या व्याजावर, तीही जुन्या कर पद्धतीतच.

डिग्री घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, चांगल्या कॉलेजातनं शिकून पोरं उभी राहिलेली बघितलीयेत मी. पण प्लेसमेंटचा सगळ्यात मोठा आकडा बघू नका, पगाराच्या यादीत बरोबर मधोमध असलेल्या मुलाला किती मिळाले ते विचारा, आणि जमलं तर शिकतानाच महिन्याचं व्याज भरत जा.

तो मेसेज पुढे पाठवला असेल तर तिथे हेही टाका प्लीज.