खुलासा: अठरा पूर्ण झाले म्हणून संस्थेत ठेवण्याची सक्ती नाही

जळगाव-धुळ्याच्या पालकांत एक निरोप फिरतोय: बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न मुलाला १८ पूर्ण होताच निवासी संस्थेत ठेवणे बंधनकारक. हे साफ खोटे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ५ उलट सांगते: दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि कुठल्याही ठरावीक निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती त्यांच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचा आहे.

१८ नंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. ती वेगळी बाब.

संस्था निवडायचीच असेल तर नोंदणी प्रमाणपत्र मागा. पण तेवढ्यावर विसंबू नका, कृपा करून! न कळवता संध्याकाळी जा. रात्री कोण असते, औषधांची नोंद होते का, कपडे ज्याचे त्याला मिळतात का, आणि फक्त अहिराणी बोलणाऱ्या पोराचे दुखणे तिथे कोणाला समजते, हे विचारा.