उरलेल्या गोळ्या-चॉकलेटांचं करायचं काय?

सुट्ट्या संपल्या, पाहुणे गेले आणि घरोघरी गोळ्या-चॉकलेटांचा एकेक डबा उरला. त्यावर काकांचं मत सरळ होतं. "उरलंय तर खाऊन टाका. चर्चा कसली त्यात?"

आमच्यातली केकवाली लगेच सरसावली. चॉकलेटं वितळवून ब्राउनी, कडक गोळ्या कुटून बिस्किटांत, जेलीच्या गोळ्या केकवर, अशी तिची यादी तयारच होती.

"म्हणजे पाव किलो चॉकलेट संपवायला तू वर मैदा, लोणी आणि साखर आणणार," मास्तर म्हणाले. "डबा रिकामा होईल, पण घरातलं गोड वाढलेलंच असेल."

हा मुद्दा मला तरी बिनतोड वाटला. 'उरलेल्या गोडाचे पदार्थ' म्हणून जे सुचवतात, त्यातल्या निम्म्यांचं हेच होतं. केकवाली मात्र हटली नाही. "वर कशाला? साखरेच्या जागी घालायच्या. कडक गोळी म्हणजे जवळजवळ साखरच. मिक्सरमधून काढा, वजन करा आणि तेवढी साखर कमी करा. पुदिन्याच्या गोळीची पूड गरम कोकोत घातली की साखर लागतच नाही." कच्च्या बिस्किटाला मधोमध भोक पाडून त्यात ही पूड भरायची आणि बटर पेपरवर भाजायचं, हा तिचा आवडता प्रकार. पूड वितळते आणि गार झाल्यावर रंगीत काच बसवल्यासारखी दिसते. पूर्ण गार होण्याआधी मात्र कागदावरून उचलायचं नाही.

"दिसते काय, काचच ती," मास्तर म्हणाले. पाक दीडशे अंशांच्या आसपास आटवून, स्फटिक जमायच्या आत थंड केला की कडक गोळी होते. दमट हवेत ती चिकट होते ती ओलावा ओढून घेतल्यामुळे. जेलीच्या गोळ्या ओव्हनमध्ये घालू नयेत, यावर दोघांचं एकमत झालं. जिलेटिन अंगाच्या उष्णतेलाही मऊ पडतं, तिथे ओव्हनमध्ये काय टिकणार? भाजून झाल्यावर वरून लावाव्यात.

"आणि पांढरी पडलेली चॉकलेटं? बुरशी लागलेली?" काकांनी विचारलं. ती बहुतेक वेळा बुरशी नसते. उष्णता कमी-जास्त झाली की कोको बटर वर येतं, किंवा फ्रिजमधल्या ओलाव्याने पृष्ठभागावरची साखर विरघळून पुन्हा जमते. वास चांगला असेल तर वितळवून खुशाल वापरा. वितळवताना पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेट गच्च होतं. तेव्हा फेकून न देता थोडं थोडं गरम दूध घालत ढवळायचं, सॉस होतो.

मास्तरांना खाण्यापेक्षा प्रयोगात रस. रंगीत कवचाच्या गोळ्या ताटलीच्या कडेने मांडून मधे कोमट पाणी ओतलं की रंगांचे पट्टे मध्याकडे सरकतात आणि बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत. लहान पोरं यात रमतात. मोठ्यांसाठी त्यांनी प्रकाशाचा वेग काढला! मायक्रोवेव्हमधली फिरणारी तबकडी काढायची, खालच्या खुंटीवर काचेचं भांडं उपडं घालायचं आणि त्यावर ताटलीत चॉकलेटची मोठी वडी ठेवायची. ठिपके वितळायला लागले की लगेच बंद. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांतलं अंतर साधारण ६ सेंटीमीटर भरतं, ते लहरीच्या लांबीच्या निम्मं. दुप्पट करून २४५ कोटींनी, म्हणजे मायक्रोवेव्हच्या वारंवारतेने (सेकंदाला किती लहरी), गुणलं की या लहरींचा, म्हणजेच प्रकाशाचा, वेग सेकंदाला २९ कोटी मीटरच्या वर येतो. खरा आकडा ३० कोटींना जरासा कमी. पट्टीने मोजून एवढं जवळ जाता येतं, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते.

दातांची डॉक्टर इतका वेळ गप्प होती. तिने चक्क काकांची बाजू घेतली. "रोज दोन-दोन करून महिनाभर पुरवण्यापेक्षा जेवणावर एकदाच खाल्लेलं बरं." दर गोळीनंतर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात. पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच झिजायला लागतं आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास किंवा जास्तच लागतो. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या देऊन हेच पाहिलं होतं. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ते सांगताना तिचा आवाज उतरला होता.

काका खूश. पण तिची अट होती: आधी डब्याची वाटणी करा. चघळायच्या आणि चिकट गोळ्या केकवाली आणि मास्तरांकडे, चॉकलेटं जेवणावर खायला. वेष्टनं इतक्यात टाकू नका, दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्याला त्यावरचं वाचावं लागतं. चार वर्षांखालच्या पोराला कडक गोल गोळी नाही आणि कुत्र्याला चॉकलेट अजिबात नाही.

"वा! माझ्या कामाची चॉकलेटं तेवढी काकांना?" केकवाली भडकली. वडी मास्तरांनाही हवी होती. चिकट टॉफ्या मात्र कोणालाच नको होत्या. शेवटी केकवालीच म्हणाली, थोड्या दुधात मंद आचेवर विरघळवून कॅरॅमलचा सॉस करते.

"कर," डॉक्टर म्हणाली, "पण तोही जेवणावरच."