‘जर्मनमध्ये कुठे गाता येतं?’ : एका लाडक्या समजुतीचा प्रतिवाद

जर्मन रॉकचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर हमखास फिरत येतो, कधी मीम होऊन, कधी लांबलचक पोस्ट होऊन. त्याचा सारांश असा: जर्मन ही हुकूम सोडायची भाषा, गायची नव्हे. सत्तरच्या दशकात तिथल्या पोरांनी ऑर्गन आणि मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले वाद्यांचे सूर वाजवणारा कीबोर्ड) घेऊन जो सिम्फॉनिक प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे अभिजात संगीताच्या थाटाचा लांब रचनांचा रॉक, केला, ती ब्रिटिश बँडची नक्कल. त्यातले शब्द म्हणजे ढग, पऱ्या, अटलांटिस असला भुसा; जिथे बरे आहेत तिथे मेलेल्या कवींकडून उसने आणलेले. पूर्व जर्मनीतलं तर सरकारी शिक्क्याचं, ते मोजायचंच नाही. जर्मनांनी जगाला दिलं ते यंत्रांचं संगीत, बाकी सोडून द्या. आणि तसंही जर्मन येत नसेल तर ऐकून काय कळणार?

यातलं वाक्यन् वाक्य खोटं आहे असं नाही. एकदोन ठिकाणी मीही मान डोलावतो. पण सगळं मिळून जो निकाल दिला जातो तो ऐकीव आहे, ऐकलेला नाही.

‘जर्मन ही गाण्याची भाषाच नाही.’ पुरावा म्हणून जो विनोद फिरतो तो तुम्हीही पाहिला असेल. इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश माणूस आपापल्या भाषेत फुलपाखराचं नाव गोड आवाजात घेतो आणि शेवटी जर्मन माणूस ‘श्मेटरलिंग!’ म्हणून खेकसतो. विनोद म्हणून झकास. पण खेकसूनच म्हणायचं ठरवलं तर आपलं ‘चांदणं’सुद्धा दरडावल्यासारखं ऐकू येईल. आता गंमत बघा. हॅम्बुर्गच्या नोव्हालिस या बँडचं १९७५ मधलं सर्वांत लाडकं गाणं नेमकं याच शब्दावर उभं आहे. जो फुलपाखरांना हसताना ऐकतो, त्याला ढगांची चव ठाऊक असते, असं त्याचं पहिलं वाक्य. बासवादक हाइनो श्युन्त्सेल ते गातो तेव्हा तो खेकसण्यासाठी बदनाम झालेला शब्द मऊ, किंचित झोपाळू होऊन येतो. त्यानंतर तो मीम पुन्हा पाहून हसू येत नाही. निदान मला येत नाही.

आणि जर्मनमध्ये गाता येत नसेल तर संगीतकार शूबर्टने आयुष्यभर काय केलं? एकतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने सहाशेहून अधिक गीतं केली, त्यातली बहुतेक जर्मन कवितांवर. कविता घ्यायची, तिच्या श्वासाला पियानोची साथ द्यायची, ही तिथली जुनी वाट. रॉकवाल्यांनी त्याच वाटेवर पियानोच्या जागी मेलोट्रॉन ठेवला. शिवाय नोव्हालिसच्या त्या फुलपाखरांचे शब्द लिहिणारा गिटारवादक कार्लो कार्गेस पुढे गायिका नेनाच्या बँडमध्ये गेला आणि नव्व्याण्णव फुग्यांचं ते प्रसिद्ध युद्धविरोधी गाणं त्यानेच लिहिलं. १९८४ मध्ये ते जर्मन शब्दांसकट अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ज्यांना एक शब्द कळत नव्हता त्यांनीही ते मनापासून गुणगुणलं.

‘सगळी ब्रिटिशांची नक्कल.’ इथे आधी मान डोलावून घेतो. कोलोनचा ट्रिउम्व्हिराट हा बँड ऐकला की इमर्सन, लेक अँड पामर हे ब्रिटिश त्रिकूट आठवल्याशिवाय राहत नाहीत. सुरुवातीला ते त्यांचीच गाणी वाजवत. १९७५ चा ‘स्पार्टाकस’ मला आवडतो, पण त्यातून जर्मनी शोधू नका. तो इंग्रजीतच गायलेला आहे. मात्र नक्कल म्हणजे काय हे जरा मागे जाऊन पाहावं लागेल. इमर्सन, लेक अँड पामर यांनी १९७१ मध्ये मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराची चित्रप्रदर्शनावरची रचनामालिका रॉकमध्ये आणली. म्हणजे ब्रिटिश बँडही युरोपच्या अभिजात संगीतातूनच माल उचलत होते. फुलपाखरांचं गाणं असलेल्या त्याच १९७५ च्या अल्बमवर नोव्हालिस जेव्हा अभिजात संगीतकार ब्रुकनरच्या पाचव्या सिम्फनीतली कल्पना घेऊन ‘इम्प्रेसिओनेन’ रचतात, तेव्हा ते लंडनहून काही आयात करत नसतात. ते आपल्याच घरातला माळा उघडत असतात. ब्रुकनरचा संथपणा, एकावर एक थर चढवत नेण्याची त्याची सवय त्या बँडच्या कीबोर्डवादकात, लुट्स रानमध्ये, मुरलेली आहे. यस किंवा जेनेसिस या ब्रिटिश बँडसारखी ताल मोडण्याची कसरत इथे फारशी नाही. काही श्रोते त्याला साधेपणा म्हणून नावं ठेवतात. माझ्या मते शब्दांना जागा मिळते ती त्यामुळेच.

‘शब्द म्हणजे भुसा, नाहीतर उसनवारी.’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आधी भुसा. आहे, भरपूर आहे. हानोव्हरच्या एलॉय या बँडचा १९७७ चा ‘ओशन’ हा संगीत म्हणून भव्य अल्बम आहे. पण ड्रमवादक युर्गेन रोझेंटालचे इंग्रजी शब्द वाचायला घेतले की घाम फुटतो. शेवटच्या रचनेच्या लांबलचक शीर्षकात अटलांटिस बुडाल्याची तारीख दिलीय, ५ जून ८४९८, आणि वेळ चक्क ‘दुपारचे १३’! असल्या ठिकाणी मी डोळे मिटून फक्त बास ऐकतो. हागेनच्या ग्रोबश्निटची १९७७ ची परीकथाही इंग्रजीत आहे आणि तिथेही शब्दांपेक्षा गिटारवर भिस्त ठेवलेली बरी. पण नमुना लक्षात घ्या: दोन्हीकडे जर्मन माणसं परक्या भाषेत लिहिताहेत. खुद्द नोव्हालिसचा १९७३ चा पहिला अल्बम इंग्रजीत होता, आणि आज लोकांना आठवतात ते त्यानंतरचे जर्मन अल्बम. म्हणजे टीकाकार ज्या शब्दांवर हसतात त्यांतले बरेचसे जर्मन नाहीतच.

आता उसनवारी. नोव्हालिस बँडने नाव घेतलं ते फ्रिडरिश फॉन हार्डेनबर्ग या कवीचं. ‘नोव्हालिस’ हे त्याचं टोपणनाव. जन्म १७७२, मृत्यू १८०१, वय पुरतं २९ सुद्धा नाही. लोक त्याला निळ्या फुलाच्या मागे लागलेला स्वप्नाळू पोरगा समजतात. प्रत्यक्षात तो फ्रायबर्गच्या खाण-अकादमीत शिकला आणि मिठागरांच्या प्रशासनात नोकरी करत होता. आकडे, नकाशे, हिशेब हे त्याचं रोजचं काम. म्हणूनच १८०० मध्ये त्याने लिहिलेली ती बारा ओळींची कविता वजनदार वाटते. तिचा आशय असा: जेव्हा आकडे आणि आकृत्या सगळ्या जीवांच्या किल्ल्या उरणार नाहीत, जेव्हा गाणाऱ्यांना आणि चुंबन घेणाऱ्यांना गाढ्या पंडितांहून जास्त कळेल, जेव्हा प्रकाश आणि सावली यांचं पुन्हा लग्न लागून खरी स्पष्टता जन्मेल, तेव्हा एका गुप्त शब्दासरशी हा सगळा उलटापालटा कारभार उडून जाईल. आकडेमोड येत नाही म्हणून आकड्यांना नावं ठेवणारा कवी हा नव्हे.

ही कविता बँडने १९७७ च्या ‘ब्रांडुंग’ अल्बमवर गायली. तिची गंमत तिच्या बांधणीत आहे. बाराच्या बारा ओळी मिळून एकच वाक्य. ‘जेव्हा, जेव्हा, जेव्हा’ करत दहा ओळी अर्थ अधांतरी राहतो आणि अकराव्या ओळीला ‘तेव्हा’ येतो. वाक्य टांगून ठेवण्याची ही सवय इंग्रजी कानापेक्षा मराठी कानाला अधिक ओळखीची आहे. आपणही क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबतोच. सिम्फॉनिक रॉकची हळूहळू चढत जाणारी चाल आणि असं वाक्य यांचं जुळतं ते इथे. तीन मिनिटांच्या झटपट गाण्यांची सवय झालेला श्रोता तिसऱ्या ‘जेव्हा’लाच कंटाळतो आणि मग भाषेला दोष देतो.

उसने शब्द म्हणावेत तर शूबर्टनेही १८१९ आणि १८२० मध्ये याच नोव्हालिसच्या कविता गीतबद्ध केल्या होत्या. संगीतकार ब्राम्सने होल्डरलिन या कवीच्या कवितेवर समूहगायन आणि वाद्यवृंदाची रचना केली. शंभरेक वर्षांनी, १९७२ मध्ये, वुपरटालच्या एका बँडने त्या कवीचंच नाव घेऊन ‘होल्डरलिन्स ट्राउम’ काढला, बासरी-व्हायोलिनवर तरंगणारा, आणि त्यातले जर्मन शब्द त्यांचे स्वतःचे होते. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांना सातशे वर्षांनी नवी चाल लागली, तेव्हा ‘शब्द उसने’ अशी तक्रार आपल्याकडे कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि उसनवारीच्या आरोपाला सगळ्यात मजेदार उत्तर इंटरनेटनेच देऊन ठेवलंय. फुलपाखरांच्या हसण्याची ती ओळ आज जर्मन सुविचारांच्या असंख्य पानांवर अठराव्या शतकातल्या कवीच्या नावाने फिरते. ती त्याची नाही, कार्गेसची आहे. रॉकमधल्या गिटारवाल्याने लिहिलेलं वाक्य लोक त्याहून पावणेदोनशे वर्षं जुन्या कवितेत सहज खपवतात. भुसा असा खपत नसतो.

कवितेऐवजी कथा उचलल्याचं उदाहरण हवं असेल तर श्टुटगार्टच्या एनीवन्स डॉटर या बँडचा ‘पिक्टोर्स फेरवांडलुंगेन’ ऐका. १९८१ मध्ये हायडेनहाइमच्या मैफलीत ध्वनिमुद्रित झाला. हर्मन हेसेने १९२२ मध्ये लिहिलेली ही परीकथा: पिक्टोर स्वर्गात शिरतो, पक्ष्याचं फूल आणि फुलाचं फुलपाखरू होताना पाहतो, स्वतः झाड होतो, आणि मग कळतं की एकट्याने झाड झालं की बदलणंच थांबतं. बँड हे गात नाही. निवेदन होतं, थांबतं, वाद्यं पुढे येतात, पुन्हा निवेदन. कीर्तनाला बसलेल्याला यात नवं काही वाटणार नाही, प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांना मात्र हे फार बोलघेवडं वाटतं. मला मधल्या भागात निवेदन थोडं लांबल्यासारखं वाटतं खरं, पण रूपांतराची गोष्ट सतत रूप बदलणाऱ्या संगीतात सांगणं हा विचार भुशाचा नाही.

‘पूर्व जर्मनीतलं सरकारी.’ तिथे प्रत्येक गाण्याचे शब्द तपासले जात, लोकप्रिय संगीताच्या तबकड्या काढणारं आमिगा हे लेबलही सरकारी, हे खरं. पण यावरून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ज्या राजवटीला गाण्याचे शब्द वाचायला माणसं नेमावी लागतात, तिथे शब्द फालतू नसतात. लाइपझिगच्या रेन्फ्ट या बँडवर १९७५ मध्ये बंदी आली ती गिटारच्या आवाजामुळे नाही, शब्दांमुळे. त्यांचे गीतकार गेरुल्फ पानाख यांना पुढच्या वर्षी अटक झाली आणि १९७७ मध्ये देशाबाहेर काढलं गेलं.

जे उरले ते आडून बोलायला शिकले. श्टेर्न-कोम्बो माय्सेन या पूर्व जर्मन बँडचा १९७९ चा ‘वायसेस गोल्ड’, म्हणजे पांढरं सोनं, हा माय्सेनच्या चिनी मातीच्या भांड्यांचा इतिहास आहे. बोट्गर हा किमयागार; सोनं करून दे म्हणून सॅक्सनीच्या शासकाने त्याला कैदेत ठेवलं. सोनं झालं नाही, १७०८ च्या सुमारास पोर्सेलिन झालं. वरवर पाहता स्थानिक अभिमानाची गोष्ट, तपासनीसाने काय हरकत घ्यावी? पण राज्यकर्त्याने कोंडून ठेवलेला कारागीर, ही गोष्ट भिंतीच्या आत राहणाऱ्यांनी फक्त भांड्यांची म्हणून ऐकली असेल असं मला वाटत नाही. सिटी या बँडचं १९७७ चं खिडकीपाशी उभं राहणारं गाणं तर लाइपझिगच्या कवयित्री हिल्डेगार्ड मारिया राउखफुस यांच्या कवितेवर आहे. त्याला सिम्फॉनिक म्हणणं ओढूनताणून होईल, पण त्याच्या लांब रूपात व्हायोलिन ज्या चिकाटीने तीच ओढ घोळवत राहतं, ते ऐकल्यावर वर्गीकरणाची हौस उरत नाही.

‘खरं जर्मन संगीत यंत्रांचं.’ इलेक्ट्रॉनिक संगीताचे क्राफ्टवेर्क थोर आहेतच, वाद नाही. पण त्याच प्रवाहातल्या ‘कान’ या बँडच्या पहिल्या दोन गायकांपैकी एक अमेरिकन होता आणि दुसरा जपानी, आणि ‘नॉय’ या बँडच्या संगीतात शब्द जवळजवळ नाहीतच. जर्मन कविता ऐकायची तर त्या दुकानात जाऊन ती मिळत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

राहिला ‘कळत नाही’ हा मुद्दा. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गांना किती मराठी मुलं जातात हे पाहिलं तर ही सबब आपल्याला तशी शोभत नाही. पहिल्यादुसऱ्या पातळीच्या जर्मनवर फुलपाखरांचं गाणं बरंचसं समजतं. ज्यांना अजिबात येत नाही त्यांनी नोव्हालिसचा १९७६ चा ‘सोमरआबेंड’ घ्यावा. तीनच रचना आहेत, मधली त्या कवीच्याच शब्दांवर. आधी एकदा नुसता ऐकावा, मग शब्द समोर ठेवून भाषांतराच्या मदतीने मधली रचना पुन्हा. सुरुवात एलॉयपासून मात्र करू नये. तो नंतर, बाससाठी.