मोबाइलचा क्लिक स्वस्त, पण ऑर्डर कितीला पडली?

‘मोबाइलवर क्लिक जास्त मिळतात, तेही स्वस्तात. कॉम्प्युटर आता बघतं कोण? डेस्कटॉपच्या जाहिराती बंद करा.’ छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा सल्ला सतत फिरत असतो. त्यावर विसंबून बजेट हलवलं, तर नुकसान होऊ शकतं.

‘क्लिक जास्त मिळतात.’ मिळतात, पण कसे? फुकटच्या गेमच्या तळाशी 320×50 पिक्सेलची जाहिरातीची पट्टी असते. खेळणाऱ्याचा अंगठा बटणाऐवजी तिच्यावर पडतो, ब्राउझर उघडतो आणि पान लोड व्हायच्या आत तो माघारी फिरतो. असे काही क्लिक गूगल अवैध ठरवून वगळतं, सगळे नाही. वेबसाइटवरची वर्दळ मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्स 4 मध्ये 10 सेकंदांहून जास्त टिकलेलं सेशन, म्हणजे साइटला दिलेली एक भेट, ‘एंगेज्ड’ (रस घेतलेली) धरलं जातं. डिस्प्ले जाहिरातींवरून, म्हणजे इतरांच्या अ‍ॅप आणि साइटवर दिसणाऱ्या जाहिरातींवरून, आलेले लोक आधी या चाळणीतून काढा. मग गूगल अ‍ॅड्समधला, जाहिरात कुठेकुठे दिसली तो रिपोर्ट खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या ओळींत गेम आणि टॉर्चची अ‍ॅप असतील, तर एकेक अ‍ॅप वगळत बसू नका, उद्या नवी येतील. अख्खी कॅटेगरीच वगळा.

‘स्वस्त पडतं.’ समजा, दोन्हीकडे 10,000 रुपये घातले. मोबाइलवर 4 रुपयांनी 2,500 क्लिक आले आणि त्यातून 10 ऑर्डरी. डेस्कटॉपवर 10 रुपयांनी 1,000 क्लिक आणि 18 ऑर्डरी. म्हणजे एक ऑर्डर मोबाइलवर 1,000 रुपयांना पडली, डेस्कटॉपवर साधारण 556 ला. क्लिकचा भाव बघणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

‘कॉम्प्युटर कोणी बघत नाही.’ भोसरीत कॉम्प्रेसर विकणाऱ्याने यावर विश्वास ठेवू नये. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे कारखान्याचा परचेस ऑफिसर. ड्रॉइंगची पीडीएफ जोडून कोटेशन मागायचं काम तो ऑफिसात, टेबलावर बसून करतो. प्लंबरचं उलटं. नळ फुटला की माणूस फोनवरच शोधतो आणि तिथूनच कॉल लावतो. मात्र ते कॉल कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून साधलेलं काम, म्हणून मोजायची सोय चालू हवी, नाहीतर मोबाइल विनाकारण नापास ठरतो.

मोबाइल सरसकट बंद करणंही तितकंच चुकीचं. अनेकजण जाहिरात फोनवर बघतात आणि फॉर्म नंतर कॉम्प्युटरवर भरतात. दोन्हीकडे एकच गूगल खातं नसेल, तर हा दुवा बऱ्याचदा जुळत नाही. श्रेय डेस्कटॉपला जातं. म्हणून मोबाइलचं बजेट एकदम तोडू नका. थोडं कमी करा आणि 3-4 आठवडे दोन्हीकडच्या मिळून ऑर्डरी मोजा.

इथे एक चूक हमखास होते. जाहिरातीची बोली ‘टार्गेट आरओएएस’वर (जाहिरातखर्चाच्या किती पट विक्री हवी ते सांगायचं, बोली गूगल ठरवतं) असताना मोबाइलच्या बोलीला उणे 30 टक्के लावून लोक फरकाची वाट बघत बसतात. या पद्धतीत डिव्हाइसचा फक्त उणे 100 टक्के, म्हणजे तिथली जाहिरात पूर्ण बंद, हाच आकडा मानला जातो, बाकीचे सोडून दिले जातात. थोडंच कमी करायचं असेल, तर आधी बोलीची पद्धत बदला.