अस्वलाची झोप आणि कुत्र्याचा पाय: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर लिहिलंत, आभार. ‘न वापरलेला स्नायू झिजतो’ हे माझं वाक्य तुम्हाला भाबडं वाटलं. अस्वल अख्खा हिवाळा पडून राहतं आणि तरी आपल्या पायांनी बाहेर येतं. म्हणजे सगळं जनुकांवर ठरतं आणि प्लास्टर काढलेल्या कुत्र्याला चालवत बसणं व्यर्थ, असं तुमचं म्हणणं. अस्वलाचं उदाहरण चोख आहे, निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही.

काळ्या अस्वलांच्या पायांची ताकद मोजली गेली आहे. सुमारे १३० दिवसांत ती २३ टक्क्यांच्या आसपास घटली, असं २००१ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे घट होते, पण थोडी. शरीरात टाकाऊ म्हणून तयार होणाऱ्या युरियातला नायट्रोजन अस्वल वाया जाऊ देत नाही, त्यातून पुन्हा प्रथिनं बांधतं. कुत्र्याला ही सोय नाही.

उंदराला मागचे पाय टेकणार नाहीत असं शेपटीने टांगलं, तर पोटरीतला सोलियस हा स्नायू दोनेक आठवड्यांतच ठळकपणे रोडावतो. पाय हवेत हलवायला मोकळे असतात, तरीही! गेलेला असतो तो भार.

आणि १९७२ सालचा मांजरांवरचा प्रयोग तर बघाच. प्लास्टर घालून घोटा जखडला. सोलियस आखडलेल्या स्थितीत राहिला, तेव्हा त्याच्या तंतूंमधल्या एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमियरांची, म्हणजे आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म घटकांची, संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. ताणलेल्या स्थितीत राहिला, तेव्हा ती जवळपास २० टक्क्यांनी वाढली. प्लास्टर निघाल्यावर काही आठवड्यांत संख्या पूर्ववत झाली. दोन्हीकडे मांजरंच, दोन्हीकडे सांधा जखडलेला. फरक फक्त स्नायू किती ताणलेला होता याचा.

जनुकांचा वाटा मी नाकारत नाही. रेड नॉट हा स्थलांतर करणारा पक्षी पिंजऱ्यात, लांब उड्डाणाविना, वजन वाढलं की छातीचे स्नायूही वाढवतो. तुमच्या बाजूने हे अस्वलापेक्षा भक्कम उदाहरण आहे. पण स्नायूतली प्रथिनं मोडीत काढायला लावणारी अॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही जनुकं पाहा. स्नायूवरचा भार गेला की काही दिवसांतच ती जोरात कामाला लागतात. उंदरांतून यातलं एखादं काढून टाकलं तर झीज कमी होते. भार हटला हाच त्यांना मिळणारा इशारा असेल, तर ‘व्यायाम की जनुकं’ असे दोन पक्ष पाडायचे कशाला?

तुमचा सल्ला वाचून कुणी कुत्र्याला बसवून ठेवेल, याची मला खरोखर काळजी वाटते. हाड जुळल्याचं पशुवैद्याने सांगितलं की त्या पायावर हळूहळू वजन यायलाच हवं.