‘ना ग्रंथ, ना नीती, ना नाव’: आदिवासी धर्मांवरच्या त्या मेसेजला उत्तर

ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हटकून फिरू लागतो. त्याचं सार असं: आदिवासींचा धर्म हा धर्मच नव्हे. दगड, झाडं, वाघ यांना भिऊन केलेली ती पूजा. त्याला ग्रंथ नाही, नीती नाही, धड नावही नाही. आहे तो फक्त भगताचा अंगारा. शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘दगडाला देव मानतात.’ पालघरच्या वारली पाड्यांजवळ वाघोबाची ठाणी दिसतात. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, सगळ्याला शेंदूर. पूजा त्या फळीची नसते. वारकरी पंढरीला जातो तो वीट बघायला नव्हे, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग वारल्यालाच एवढं बिनडोक का समजायचं?

‘भीतीपोटी पूजतात.’ बिबट्याच्या रानात राहणाऱ्याला भीती वाटणारच, त्यात लाजण्यासारखं काय? पण वाघोबाची कथा ऐका. तो माणसाच्याच बाईच्या पोटी जन्मला, वाघाचं रूप घेऊन गुरं मारू लागला. गाव चिडलं, तेव्हा आईने त्याला रानात जायला सांगितलं आणि लोकांनी वर्षातून एकदा त्याला जेवू घालायचं ठरलं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला कोंबडा-बकरा देतात तो या बोलीपोटी. म्हणजे वाघ हा रक्ताच्या नात्यातला, थोडा बिथरलेला. त्याचा वाटा त्याला पोचला पाहिजे आणि त्यानेही आपली मर्यादा पाळली पाहिजे. या सगळ्या धर्मांचं मर्म मला इथे दिसतं. डोंगर, पाऊस, धान्य, जनावर, मेलेले पूर्वज यांच्याशी माणसाची देवाणघेवाण आहे, आणि घेण्याआधी द्यायचं असतं. पावसाळ्यातली पहिली कोवळी रानभाजी आधी देवाला दाखवतात, मग घरात शिजते. नवा भातही तसाच.

‘ग्रंथ नाही.’ लिहिलेला नाही, खरंय. पण कन्सरी या धान्यदेवीची लांबलचक कथा भगत घांगळी हे तंतुवाद्य वाजवत गातो आणि ती त्याला मुखोद्गत असते. लग्नात तर पौरोहित्य बाईकडे. धवलेरी लग्नगीतं म्हणते, सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकात मधोमध पालघट देवी. चौक आणि धवलेरी यांच्याशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्र म्हणून आपण जे कुर्त्यांवर आणि कपांवर छापतो, त्याचं मूळ या विधीत आहे. आपल्याकडे बाईने लग्न लावलं तर अजूनही बातमी होते. मागासलेलं कोण, ते ठरवा.

‘नीती नाही.’ चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देवांची कुळं असतात. सारख्या संख्येचे देव असलेली कुळं एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही. कुळाचं जे झाड किंवा प्राणी असेल त्याला इजा करायची नाही. नियम याहून स्पष्ट कसे असतात?

‘भगताचा अंगारा.’ इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे आणि ते झाकायचं नाही. एखाद्या बाईला भुताळी किंवा डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशा वेळी लावलाच पाहिजे, भगत असो की गाव. पण एवढ्यावरून सगळा धर्म निकालात काढायचा, तर हाच न्याय लावल्यावर जगातला कुठला धर्म उरेल?

‘हा धर्म कोण मानतं?’ सर्वोच्च न्यायालयाने मानला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात वेदांत कंपनीच्या कारखान्यासाठी बॉक्साइट काढायचं होतं. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो त्यांच्या देवाचा, नियमराजाचा डोंगर. १८ एप्रिल २०१३ला न्यायालयाने सांगितलं की इथल्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. त्याच वर्षी बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारांनी खाणीला नकार दिला आणि केंद्राने परवानगी नाकारली. निव्वळ भीतीवर चालणारे लोक एवढ्या मोठ्या कंपनीसमोर असे उभे राहत नाहीत.

उरला नावाचा मुद्दा. २०११च्या जनगणनेच्या फॉर्मवर सहाच धर्मांना क्रमांक होते. बाकीच्यांनी आपल्या धर्माचं नाव स्वतः सांगून लिहून घ्यायचं. तरीही झारखंड आणि आसपासच्या राज्यांतल्या ४९ लाखांहून जास्त लोकांनी ‘सरना’ असं लिहवून घेतलं. सरना म्हणजे पवित्र राई; तिच्यावरून तिथल्या आदिवासी धर्माला हे नाव पडलं. ११ नोव्हेंबर २०२०ला झारखंडच्या विधानसभेने सरनासाठी वेगळा रकाना मागणारा ठराव केला. नाव आहे, फॉर्मवर त्याला रकाना नाही, एवढंच.