बापूंचं बोअर आणि कोलारचं सोनं

सोन्याच्या भावावर चाललेली चर्चा बापूंनी एका वाक्यात जमिनीखाली नेली. "वरवर काय शोधता? जितकं खोल, तितकं सोनं." बापूंचा बोअरचा धंदा. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आणखी शंभर फुटांवर असतं, यावर त्यांची श्रद्धा आहे.

भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर लगेच सरसावले. "खोलीमुळे नाही हो, शिरेमुळे. खालून तापलेलं पाणी सिलिका, म्हणजे गारगोटीचं द्रव्य, आणि किंचित सोनं विरघळवून खडकांच्या भेगांतून वर येतं. दाब आणि उष्णता उतरली की पांढऱ्या गारगोटीची शीर बनते आणि त्यात सोनं अडकतं. कर्नाटकातल्या कोलारला तर लोक वरच्या मातीतच सोनं धूत होते. 1802 मध्ये जॉन वॉरन या इंग्रजांच्या फौजेतल्या अधिकाऱ्यानं बक्षीस लावलं, तर गावकऱ्यांनी गाड्या भरभरून माती आणून धुऊन दाखवली."

"म्हणजे आमचे झारेकरीच की!" पक्या म्हणाला. तो सराफ बाजारात कारागीर आहे. झारेकरी तिथल्या मातीतून सोनं वेचतात. दुकानांपुढच्या गटारातला गाळ घमेल्यात घेऊन गोल गोल फिरवायचा, हलकी माती पाण्याबरोबर सोडून द्यायची. शेवटी तळाशी काळ्या रेतीची बारीक रेघ उरते. तिच्यात पारा चोळला की सोन्याचे कण तो धरून ठेवतो. पक्यानं हे रिकाम्या बशीत हात फिरवून दाखवलं.

"मग वर मिळत होतं तर खाली कशाला मेले?" बापू.

"शीर खाली गेली, माणूस तिच्या मागे गेला. कोलारची चॅम्पियन रीफ खाण 3.2 किलोमीटर खोल."

बापूंनी डोळे मिटून हिशेब केला. "साडेदहा हजार फूट!" त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"आणि तिथं सहा इंची भोक पाडून भागत नाही. माणसं उतरवायची, हवा पुरवायची, दगड वर ओढायचा. तेवढ्या खोलीवर एका चौरस सेंटिमीटरवर 800 किलोच्या वर वजन असतं. खोदून पोकळी केली की खडक कधी कधी स्फोटासारखा फुटतो. दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग खाण तर 4 किलोमीटरच्या आसपास आहे. तिथं खडक 60 अंशांच्या वर तापलेला असतो, म्हणून वरून बर्फाचा लगदा पाइपनं खाली सोडतात. एवढं करून सोनं असलेला थर जेमतेम मीटरभर."

पक्याला उत्पन्नाची काळजी. सर म्हणाले, "टनाला 5 ग्रॅम धर." म्हणजे दोन तोळ्यांच्या पाटलीला चार टन दगड! मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटलं. दगड दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायचं, पुन्हा वेगळं करायचं. एवढं झाल्यावर घडणावळीवरून घासाघीस करणारे आपण.

"नाशिकच्या पांडवलेण्याखाली नसेल का रे काही?" पक्या.

"लेणी कोरलीत तो बेसॉल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कोलारचा खडक अडीचशे कोटींहून जुना. आपल्याकडेही लाव्हाखाली जुना खडक असणारच. कोयनेजवळ संशोधनासाठी 3 किलोमीटरचं भोक पाडलं, तर वरचा सव्वा किलोमीटर नुसता बेसॉल्ट निघाला. त्याखाली ग्रॅनाइट. जुना खडक लागला म्हणजे सोनं लागलंच असं नाही."

बापू तेवढ्यानं हटणारे नव्हते. "कोलारचं सोनं संपलं म्हणूनच बंद केली ना खाण?"

इथे मात्र सर आणि पक्या दोघेही त्यांच्यावर तुटून पडले. 2001 मध्ये खाण बंद झाली ती परवडत नव्हती म्हणून. टनामागे सोनं कमी होत गेलं आणि खोली वाढत गेली. माझंही मत तेच. खाण किती खोल जाणार हे शेवटी बाजारभाव ठरवतो. सोनं काढून उरलेल्या दगडाच्या भुकटीच्या तिथल्या सायनाइडच्या टेकड्यांत टनाला ग्रॅमभरही सोनं नसेल, तरी भाव चढल्यापासून त्या पुन्हा उकरायची भाषा चालू आहेच. त्यात निदान कुणाला खाली उतरावं लागत नाही.

"मग खालची खाणही चालू करा की," पक्या.

"पाण्यानं भरलीय ती," सर.

"पाणी?" बापू सावरून बसले. "मोटार किती एचपीची लागेल?"